तीन सदरे, तीन झगे, तीन कुंच्या : पेन्सिकच्या शिवणनोंदी

१२ जानेवारी

बाहेर फूटभर बर्फ साचलाय आणि मी ऑगस्टच्या उकाड्यात घालायचे कपडे बेतायला बसलेय. यंदा पेन्सिकला एका दिवसाची फेरी मारून परतायचं नाही, आठवडाभर तंबूत राहायचं, असं आम्ही तिघांनी ठरवलंय. म्हणजे रोज घालता येतील, धुता येतील, पावसात भिजले तरी चालतील असे कपडे हवेत.

ज्यांनी हे नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी. पिट्सबर्गच्या उत्तरेला, स्लिपरी रॉक गावाजवळ कूपर्स लेक नावाचं शिबिराचं मैदान आहे. दर वर्षी जुलैच्या शेवटापासून दोन आठवड्यांहून जास्त काळ तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं मध्ययुगातले कपडे घालून तंबूत राहतात. १९६६ साली कॅलिफोर्नियात बर्कलीला सुरू झालेल्या ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अॅनाक्रॉनिझम’ या संस्थेचा हा मेळा. पहिलं पेन्सिक १९७२ साली झालं. ईस्ट आणि मिडल ही दोन ‘राज्यं’ एकमेकांशी लढतात. लढाईखेरीज तिरंदाजी असते, बाजार असतो, आणि सूत कातण्यापासून जोडे शिवण्यापर्यंतचे शेकडो वर्ग असतात. मी जाते ती या वर्गांसाठी. आत येणाऱ्याला अट एकच, अंगावर सतराव्या शतकाआधीचा वाटेल असा पोशाख हवा. तिथे त्याला ‘गार्ब’ म्हणतात.

पहिल्या वर्षी आम्ही ‘गोल्ड की’कडून, म्हणजे नवख्यांना उसने कपडे देणाऱ्या मंडळींकडून, गार्ब घेतले होते. गेल्या वर्षी मी घाईघाईने तीन झगे मशीनवर शिवले. कापड स्वस्तातलं, पॉलिएस्टर मिसळलेलं. दुपारी ते अंगाला चिकटले, आणि रात्री शेकोटीची ठिणगी उडून लेकीच्या बाहीला भोक पडलं. कापड जळलं नाही, वितळलं. भोकाची कड काळ्या काचेसारखी कडक झाली होती. ती कड बोटाने चाचपून पाहिली तेव्हाच ठरवलं, यापुढे लिनन आणि लोकर, बाकी काही नाही. लोकर सहजासहजी पेट घेत नाही आणि वितळून कातडीला चिकटत तर नाहीच.

१९ जानेवारी

काळ ठरला: चौदावं शतक. दोन ठिकाणचे कपडे समोर ठेवून काम करणार.

पहिलं हेर्योल्फ्सनेस. ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला नॉर्स लोकांची वस्ती होती, तिथलं हे चर्च. १९२१ साली पॉल नोर्लुंड या डॅनिश पुरातत्त्वज्ञाने तिथली दफनभूमी खणली. लाकूड दुर्मिळ, त्यामुळे बऱ्याच मृतांना शवपेटीऐवजी जुन्या कपड्यांत गुंडाळून पुरलेलं होतं. जमीन गोठलेली, म्हणून कपडे टिकले. झगे, कुंचीसारखी शिरोवस्त्रं, पायमोजे. त्यांतून झाडांची मुळं आरपार गेलेली, तरी शिवण शाबूत. आज त्यातलं बरंचसं कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या वस्तीची शेवटची लेखी नोंद म्हणजे १४०८ साली ह्वाल्सीच्या चर्चमध्ये लागलेलं एक लग्न. हे कपडे शिवणारी माणसं कोण होती ते कुठेच लिहिलेलं नाही, पण त्यांचा टाका मात्र मोजता येतो.

दुसरं बॉक्स्टेन. स्वीडनमध्ये वार्बेर्गजवळच्या दलदलीत १९३६ साली एका माणसाचे अवशेष सापडले, अंगावर पूर्ण पोशाख: डगला, त्यावर पांघरायचं वस्त्र, पायमोजे आणि लांब शेपटीचं शिरोवस्त्र. नवऱ्याचा डगला त्या धर्तीवर करणार.

दर वर्षी कोणीतरी विचारतं, तू नऊवारी का नेसत नाहीस? विचारणं बरोबरच आहे, तिथे भारतीय वेशातली माणसंही दिसतात. पण मला शिवण वाचायची असते. आपल्या हवेत सातशे वर्षांपूर्वीचं कापड टिकत नाही. मध्ययुगातलं भारतीय सुती छापील कापड आज बघायचं तर इजिप्तमधल्या फुस्तातच्या कोरड्या वाळूत निघालेले तुकडे बघावे लागतात, आणि ते तुकडेच आहेत, कपडे नव्हेत. हेर्योल्फ्सनेसचा झगा अख्खा आहे. कुठे घेरासाठी त्रिकोणी कळी लावली, कुठे कापड कमी पडलं म्हणून जोड दिला, सगळं उघड्यावर.

२ फेब्रुवारी

कापड आलं. पांढरं लिनन, ५८ इंच पन्ह्याचं. माझ्यासाठी निळी लोकर ५ वार, नवऱ्यासाठी करडी ४ वार. लेकीसाठी न रंगवलेली पांढरी लोकर २ वार. ती घरी रंगवायची आहे.

लिनन दोनदा गरम पाण्यात धुतलं आणि ड्रायरमध्ये वाळवलं, आटायचं ते आत्ताच आटू दे. लोकर कोमट पाण्यात मुद्दाम थोडी घोळवली. त्याने ती आटते, पण विण घट्ट होते आणि कापलेल्या कडेचे धागे सुटत नाहीत. ५ वारांतली साधारण अठरा इंच लांबी गेली. हिशेबात आधीच धरली होती, तरी मोजताना जीव थोडा खाली-वर झाला.

२३ फेब्रुवारी

आतले सदरे. नवऱ्याचा बेत लिहून ठेवते, कारण या एका बेतात सगळं सार आहे.

लिनन सव्वादोन वार, म्हणजे ८१ इंच. ५८ इंचांचा पन्हा मधोमध फाडला, २९ इंचांच्या दोन लांब पट्ट्या. एक पट्टी अख्खी अंगाची, खांद्यावर दुमडायची, खांद्याला शिवण नाही. दुसऱ्या पट्टीतून दोन बाह्या, प्रत्येकी २० इंच घेर आणि २४ इंच लांबी. बाह्यांच्या कडेला ५ इंचांची चिंचोळी पट्टी उरते, त्यातून काखेतले दोन चौकोन आणि गळ्याची पट्टी. खाली उरलेल्या भागात ३० बाय १२ चे दोन आयत, दोन्ही कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपे कापले की चार अर्ध्या कळ्या. दोन-दोन जोडून दोन पूर्ण कळ्या, डाव्या आणि उजव्या कुशीला.

बेतून झाल्यावर टेबलावर उरलं ते ओंजळीत मावेल इतकंच.

आजचा शर्ट बेतताना शरीराचा आकार कागदावर काढतो आणि कापडातून तो कोरून घेतो, मधलं सगळं कात्रण. या बेतात गोल फक्त गळा. बाकी चौकोन आणि त्रिकोण, आणि शरीराला हवी ती सैल जागा त्रिकोणातून मिळते. का, ते कातणाऱ्याला लगेच कळेल. मी गेल्या वर्षी तिथल्या वर्गात टकळीवर दोन तास सूत कातलं, निघालं ते जेमतेम एका काजाला पुरेल एवढं. एका झग्याचं सूत कातायला आणि विणायला जेवढे दिवस लागायचे त्यापुढे शिवायचे दिवस काहीच नाहीत. असं कापड कोण कात्रणात घालवेल?

९ मार्च

तिन्ही सदरे झाले. लांब शिवणी मशीनवर, दिसणाऱ्या कडा आणि गळे हाताने. लिननचा दोरा मेणावरून ओढून घेतला की गुंतत नाही. हातभर लांबीच घ्यायची, जास्त घेतला तर प्रत्येक टाक्याला झिजतो.

माझा झगा मात्र पूर्ण हाताने शिवायचा आहे. हट्ट म्हणा हवं तर.

२९ मार्च

आज एक मोठी चूक उलगडली.

नवऱ्याचे पायमोजे, म्हणजे त्या काळची तुमान. दोन पाय सुटे, आतल्या चड्डीच्या नाडीला बांधायचे. विणून केलेले नव्हेत, कापडाचे शिवलेले, तरी पायाला घट्ट बसायला हवेत. त्यासाठी ते उरेबात कापतात. उभ्या-आडव्या धाग्यात लोकर ताणत नाही, तिरकी धरली की रबरासारखी येते. हे मला माहीत होतं. पण उरेबात कापलं की कोपरे फुकट जातात, आणि मी महिनाभर ‘काही वाया जाऊ देणार नाही’ या धुंदीत होते. म्हणून सरळ कापले, मांडीला थोडे सैल ठेवून.

नवरा घालून उकिडवा बसला आणि मागची शिवण गुडघ्यापासून वरपर्यंत फाटली. शिवणीजवळचं कापडही दोन ठिकाणी विरलं.

उसवून, उरलेल्या करड्या लोकरीतून पुन्हा बेतले, या वेळी बरोबर पंचेचाळीस अंशांत. नीट बसले. जे चार कोपरे वाया जातील म्हणून मी घाबरत होते ते त्रिकोणी तुकडे आता शिरोवस्त्राच्या खांद्यावरच्या पाचरींना अगदी मापात बसतायत. कापड वाचवायचं म्हणजे एकेका कपड्यात नाही, सगळ्या कपड्यांत मिळून. हे मला कापल्यावर कळलं, कापण्याआधी कळायला हवं होतं.

१९ एप्रिल

आई आली, वाईहून. सप्टेंबरपर्यंत राहील.

जेट लॅग उतरायच्या आत ती शिवणाच्या टेबलापाशी. माझ्या निळ्या झग्याचे तुकडे मांडलेले होते: पुढचं अंग, मागचं अंग, आणि कुशीच्या कळ्या, एक सुलट एक उलट. मी तिला ग्रीनलंड, बर्फ, १९२१, सगळं सांगत होते. तिने दोन तुकडे उचलले, कडेला कड लावून पाहिली आणि म्हणाली, “अगं, कळीचाच तर आहे. तुझ्या आजोबांचा झब्बा काय निराळा होता?”

मग काखेतल्या चौकोनावर बोट ठेवलं. “हा नसेल तर हात वर केला की अख्खा सदरा वर येतो.” मला हे समजायला दोन वर्षं आणि तीन वर्ग लागले होते.

तिची चोळी शिकायची पद्धत मी पहिल्यांदाच नीट ऐकली. एका खणात एक चोळी, आणि खणाचा काठ बाहीला कुठे येणार हे आधी ठरवायचं, मग कातर उचलायची. काठ चुकला तर चोळी बसली तरी चुकली. तिच्या आईने तिला आधी फक्त घड्या घालायला शिकवल्या, कातर हातात दिलीच नाही. “घडी बरोबर पडली की कापायचं काम उरतंच किती?” 

इतकी वर्षं मी बोलताना या त्रिकोणाला इंग्रजी शब्द वापरत होते. आजपासून बोलण्यातही कळी म्हणजे कळी.

३ मे

कुशीच्या कळ्या सोप्या, दोन अंगांच्या मध्ये शिवून टाकायच्या. कठीण असते ती पुढची आणि मागची मधली कळी. तिथे शिवण नसते. अख्ख्या कापडाला कमरेखाली उभी चीर द्यायची आणि त्या चिरेत त्रिकोण बसवायचा. चिरेच्या टोकाला शिवणीला जागाच उरत नाही. धागा सुटला तर भोक, जास्त आत घेतलं तर चुणी. पोटावर मधोमध पडलेली चुणी सगळ्यांना दिसते.

पुढची कळी मी तीनदा उसवली. शेवटी जमली ती अशी: चीर पूर्ण न कापता टोकाकडून अर्धा इंच आधीच थांबायचं. कळीचं टोक उलट्या बाजूने टाचणीने टोचून नेमकं जागेवर धरायचं. शिवायला सुरुवात टोकाकडून करायची, खालून नाही. पहिले सहा टाके उलटी टीप, इतके बारीक की सुई आधीच्याच छिद्रातून परत जाते. ते सहा घातल्यावरच चीर टोकापर्यंत न्यायची, एक-दोन धागे ठेवून. मग एक बाजू खाली न्यायची, दोरा तोडायचा, पुन्हा टोकाशी येऊन दुसरी बाजू. एकाच दोऱ्यात वळसा घालून गेलं की टोक ओढलं जातं, आणि माझी चुणी तिथेच पडत होती.

शिवल्यावर आतून दोन्ही कडा मोकळ्या करून कापडाला बारीक टाक्यांनी बसवल्या. मग इस्त्री ओल्या फडक्यावरून. टोक आता हाताला लागतही नाही.

आणखी एक. अर्ध्या कळीला एक कड सरळ असते, एक उरेब. अंगाच्या सरळ कडेला कळीची उरेब कड जोडायची, सरळ कड तिला ओढू देत नाही. उरेबाला उरेब जोडली की महिनाभरात घेर लोंबायला लागतो. शिवाय घेराची पट्टी घालण्याआधी झगा दोन दिवस हँगरला टांगून ठेवायचा. लोंबायचा तेवढा लोंबू द्यायचा, मग जमिनीपासून मोजून सारखा करायचा.

१७ मे

रंगाचा दिवस. मागच्या अंगणात गॅसची शेगडी, ३० लिटरचं स्टीलचं भांडं. जुन्या बाजारातून आणलेलं, यापुढे त्यात स्वयंपाक नाही.

लेकीला लाल हवाय. चौदाव्या शतकातल्या युरोपात लाल म्हणजे बहुतेकांसाठी मॅडरची मुळी, आपल्या मंजिष्ठेची सख्खी बहीण. कोरडी लोकर ७०० ग्रॅम. काल तुरटी दिली: वजनाच्या १५ टक्के, म्हणजे १०५ ग्रॅम, आणि थोडं क्रीम ऑफ टार्टर. थंड पाण्यापासून सावकाश तापवत नेलं, तासभर ठेवलं, त्याच पाण्यात रात्रभर निवू दिलं. लोकरीला गरम-थंडचा एकदम धक्का बसला की ती आक्रसते.

आज मुळीची भरड ३५० ग्रॅम, फडक्याच्या पुरचुंडीत बांधून. पाण्यात चिमूटभर खडूची पूड. पाण्यात चुना असला की मॅडरचा लाल उजळतो.

नियम एकच, पण कडक: साठ-पासष्ट अंश सेल्सियसच्या आसपास ठेवायचं, सत्तरच्या वर जाऊ द्यायचं नाही. लाल रंग देणारं अलिझारिन आधी सुटतं, उष्णता वाढली की मुळीतले पिवळे-तपकिरी रंगही बाहेर येतात.

पहिला तास छान गेला. भांड्यात कापड हळूहळू गाजरासारखं, मग पिकल्या टोमॅटोसारखं. मग ऑफिसचा फोन आला. मी आत गेले, वीस मिनिटांनी बाहेर आले तेव्हा कडेने बुडबुडे येत होते. थर्मामीटर ८६. लगेच गॅस बंद केला, पण कापड बाहेर काढून धक्का द्यायचा नाही म्हणून तसंच ठेवलं.

१८ मे

धुतलं, सावलीत वाळवलं. लाल नाही. विटकरी. वाईच्या घाटावर जुन्या भिंतींचा असतो तसा.

लेक बराच वेळ बघत उभी राहिली. तिला मी लाल कबूल केला होता, आणि तो माझ्या दुर्लक्षाने गेला, हे मी तिला सरळ सांगितलं. ती म्हणाली, “मग गुंड्यांना तरी लाल दोरा लाव.” गुंड्या हा शब्द ती आजीकडून आठवड्यात शिकलीय.

उरलेल्या रंगात माझ्याकडची पांढऱ्या लोकरीची लडी टाकली, या वेळी भांड्यापासून हललेच नाही. ६२ अंश, दीड तास. सुंदर फिक्का गुलाबी-केशरी आला. ती सांभाळून ठेवते.

७ जून

शिरोवस्त्रं. हा प्रकार चित्रांत सगळीकडे दिसतो. डोकं, मान आणि खांदे झाकणारं एकच वस्त्र, चेहऱ्यापुरतं उघडं, आणि डोक्याच्या टोकातून मागे शेपटी. बॉक्स्टेनच्या माणसाची शेपटी ९० सेंटिमीटर लांब आणि जेमतेम २ सेंटिमीटर रुंद आहे. कापड एकदा दुमडून कापायचं, पुढच्या शिवणीत आणि खांद्यांवर पाचरी.

आईने नवऱ्याचं शिवलेलं उचललं, हातावर चढवून बघितलं. “कुंची. मोठ्यांची कुंची.” तिने माझ्यासाठी, भावासाठी, आणि गल्लीतल्या निम्म्या बाळांसाठी कुंच्या शिवल्यात. डोक्याला टोपी, मागे पाठीवर पडणारा झोळ, म्हणजे कान आणि पाठ दोन्ही झाकलं जातं. पिट्सबर्गच्या थंडीतही तीच गरज आणि ग्रीनलंडच्या थंडीतही तीच.

लेकीची कुंची आईने दोन दिवसांत हाताने पूर्ण केली. तिने एक बदल सुचवला आणि तो मी तिन्हींना केला: चेहऱ्याभोवतीची कड कापडातूनच आत न दुमडता लिननची उरेब पट्टी लावून आत घ्यायची. लोकर गालाला टोचत नाही.

नवऱ्याच्या शेपटीला चार तुकडे जोडले आहेत, सगळे पायमोज्यांच्या कात्रणातले. जोड मी लपवले नाहीत. हेर्योल्फ्सनेसच्या कपड्यांतही जोड आहेत.

२१ जून

गुंड्या. लेकीच्या झग्याला कोपरापासून मनगटापर्यंत आठ-आठ, एकूण सोळा. लंडनमध्ये थेम्सकाठच्या उत्खननात चौदाव्या शतकातल्या बाह्या मिळाल्यात, एकमेकांना खेटून बसलेल्या कापडी गुंड्यांच्या. त्या कापडावर आत लावलेल्या नाहीत, अगदी कडेवर उभ्या आहेत. काजं दुसऱ्या कडेच्या जवळ, आतून रेशमाची अरुंद पट्टी देऊन पक्की केलेली.

गुंडी अशी: विटकरी लोकरीची दीड इंच व्यासाची चकती. कडेने धावदोरा, दोरा दुहेरी. दोरा ओढला की चकतीची वाटी होते. कडा आत ढकलत ढकलत ओढत राहायचं. वाटीचं तोंड मिटलं की ती मऊ फुगीर असते, तेव्हा ती गुंडी नव्हे. मग सुई आडवी-उभी आरपार घालून चारही बाजूंनी आवळायची, सहा-सात वेळा, बोटांत फिरवत फिरवत. एका टाक्याला ती अचानक कडक होते, वाटाण्याएवढी. तो क्षण बोटांना कळतो. आईची गुंडी पाच मिनिटांत होते, माझी पंधरा.

दोरा लाल रेशमाचा. कबूल केल्याप्रमाणे.

१२ जुलै

माझ्या झग्याचा घेर झाला. कडेपाशी आतल्या बाजूने बारीक टाक्यांच्या दोन ओळी घातल्या, समोरून दिसत नाहीत. ग्रीनलंडच्या कपड्यांवर अशा ओळी आहेत. कड जड आणि ताठ होते, पायात घोटाळत नाही. घेर जमिनीपासून तीन इंच वर ठेवलाय, गेल्या वर्षीचा चिखल आठवून.

अंगणात शेकोटी पेटवून तिघांनी संध्याकाळभर कपडे घालून काढली. हवा दमट, तीस अंश. लिनन घाम शोषतं आणि त्यावरची पातळ लोकर हवा खेळू देते, हे ऐकून होते, आज अंगावर अनुभवलं. नवरा म्हणाला, पायमोज्यांत बसता येतंय.

३ ऑगस्ट, कूपर्स लेक

तंबूत, कंदिलाच्या उजेडात लिहितेय. काल रात्री वादळी पाऊस. शेजारच्या छावणीचा मांडव उडाला, आमचा टिकला. सगळे कपडे दमट आहेत पण लोकर दमट असूनही गार लागत नाही. लिनन सकाळी दोरीवर टाकलं, अकरापर्यंत वाळलं.

आज आई आली. तिच्यासाठी काही शिवायला तिने साफ नकार दिला होता, माझी मंडळाच्या कार्यक्रमांची नऊवारी नेसून आली. फाटकावर कोणी हरकत घेतली नाही. दुपारी आमच्या मांडवाखाली बसून तिने माझ्या उरलेल्या निळ्या कापडाच्या गुंड्या वळायला घेतल्या. पलीकडच्या छावणीतल्या एक बाई, माझ्याहून मोठ्या, येऊन उभ्या राहिल्या, मग बसल्याच. त्यांच्या गुंडीत कात्रण भरलेलं असतं, आईच्या गुंडीत काहीच भरायचं नाही, चकतीची कडच तिचं पोट भरते. आईने त्यांची उसवून दाखवली, त्यांनी आईची. तासभर दोघी मान वर न करता आवळत होत्या. आई मराठीत सांगत होती, “अजून ओढा, अजून ओढा, तुटत नाही.” त्या ओढत होत्या.

जाताना त्यांनी आपली एक गुंडी आईच्या हातावर ठेवली. पिवळ्या लोकरीची. आईने पदराच्या टोकात बांधली.

१३ ऑगस्ट

घरी. सदरे गरम पाण्यात धुतले. लोकर फक्त झटकली, चिखल वाळू देऊन ब्रशने काढला, दोन दिवस वाऱ्यावर टाकली.

दुरुस्तीची यादी: नवऱ्याच्या सदऱ्याचा डावा काखेतला चौकोन एका कोपऱ्याला सुटलाय, मशीनच्या शिवणीत. लेकीच्या दोन गुंड्या हरवल्या, चौदा आहेत. माझ्या झग्याची मधली कळी जागच्या जागी, एक टाका हललेला नाही. नवऱ्याच्या कुंचीच्या शेपटीला ठिणगीने भोक पडलंय, मुगाच्या दाण्याएवढं. कड भुरभुरीत काळी, नखाने घासली की निघून जाते.

त्याला रफू करायला घेतलंय. करड्या कापडाच्या उरलेल्या कडेतून धागे ओढून काढले होते, पण लेक म्हणाली, दुसऱ्या पाण्यातली गुलाबी लडी आहे ना. उभे धागे घालून झालेत, आडवे उद्या.